माजी सैनिकांचे आरोग्य : कार्ड खिशात, पण गोळी कुठे?



एरवी आपण इथे रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, थायरॉईड अशा विषयांवर बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतो आहे. आज पैशांविषयी बोलायचे आहे, तेही सरकारी पैशांविषयी. पण शेवटपर्यंत वाचलेत तर लक्षात येईल की विषय मुळात रक्तदाबाचाच आहे.

आमच्या भागात सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला, त्याचा हुद्दा काहीही असो, सगळे 'मेजर' म्हणतात. असेच एक मेजर माझ्याकडे अधूनमधून यायचे. हुद्द्याने हवालदार, वय अडुसष्ट, अंगकाठी अजून ताठ. बीपीच्या दोन गोळ्या चालू. त्या त्यांना माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधून मोफत मिळत. पॉलिक्लिनिक गावापासून बेचाळीस किलोमीटर, दोन एसट्या बदलून जायचे. एका महिन्यात ते गेले तेव्हा दोनपैकी एक गोळी शिल्लक नव्हती. "पुढच्या आठवड्यात या," असे सांगितले गेले. पुढच्या आठवड्यातही गोळी आली नव्हती. मेजरांनी घरी उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. सैनिकाची सवय, रसद कमी असेल तर पुरवून वापरायची!

एकोणिसाव्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला. तोंड वाकडे झाले, उजवा हात उचलेना. सुनेने मला फोन केला. मी म्हणालो, "ताई, एक मिनिटही घालवू नका, मोठ्या रुग्णालयात न्या." योजनेच्या यादीतल्या जवळच्या रुग्णालयात नेले. कार्ड दाखवल्यावर तिथे बेड नसल्याचे सांगण्यात आले. मी स्वतः फोन केला तेव्हा तिथला माणूस मला म्हणाला, "डॉक्टर, खोटे कशाला बोलू? मागची बिलेच अडकलीत. आम्ही तरी किती दिवस खिशातून भागवायचे?" दुसऱ्या रुग्णालयात पोचेपर्यंत लकव्याच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. मेजर वाचले. पण आज ते काठी घेऊन चालतात, आणि स्वतःच्या नातवाचे नाव त्यांना नीट उच्चारता येत नाही.

ही गोष्ट मी कुणावर राग काढण्यासाठी सांगत नाही. पॉलिक्लिनिकमधली माणसे आणि त्या रुग्णालयातला माणूस, दोघेही आपापल्या जागी अडकलेले होते. मला सांगायचे आहे ते एवढेच : या योजनेत पैसा वाढतो आहे, पण तो जिथे सर्वांत आधी पोचायला हवा तिथे वेळेवर पोचत नाही. तो कुठे अडतो हे समजले, तर काय बदलायला हवे तेही समजेल.

ही योजना नेमकी काय आहे?

ज्यांच्या घरी कोणी सैन्यात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सैनिक नोकरीत असताना त्याच्यावर सैन्याच्या रुग्णालयांत उपचार होतात. निवृत्तीनंतर काय? पूर्वी सैन्याच्या रुग्णालयांत जागा असेल तेवढीच सोय व्हायची आणि गावाकडे राहणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नसायचा. म्हणून १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिलाच सगळे ईसीएचएस म्हणतात.

यातला 'अंशदायी' हा शब्द महत्त्वाचा आहे. म्हणजे ही योजना फुकट मिळालेली नाही. निवृत्त होताना सैनिक एकदाच ठरावीक रक्कम भरतो. सध्या जवान-हवालदारांसाठी ही रक्कम ३० हजार रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार रुपये आहे. वीरपत्नींना आणि १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ती भरावी लागत नाही. त्या बदल्यात सैनिक, त्याची पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि आईवडील यांच्या उपचारांची आयुष्यभराची जबाबदारी सरकार घेते.

योजनेची रचना तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी पॉलिक्लिनिक. देशभरात अशी चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. आपल्याकडे पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर अशा अनेक ठिकाणी ती आहेत. तिथे तपासणी होते आणि औषधे मिळतात. पुढचे उपचार लागले तर तिथून रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. दुसरी पायरी सैन्याची रुग्णालये, तिथे जागा असेल तर. तिसरी पायरी म्हणजे योजनेच्या यादीतली खासगी रुग्णालये. तिथे उपचार कॅशलेस होतात आणि बिल सरकार भरते.

कागदावर ही योजना उत्तम आहे. माझे हे मत मी प्रामाणिकपणे सांगतो. देशातल्या बहुतेक आरोग्य विम्यांत फक्त भरती झाल्यावरचा खर्च मिळतो. इथे रोजची गोळीसुद्धा योजनेत आहे. डॉक्टरच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

पैसा किती आहे?

"सरकार पैसेच देत नाही," असे आपण पटकन म्हणतो. आकडे पाहू. केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेसाठी २०२२-२३ मध्ये सुरुवातीला सुमारे ३,५८२ कोटी रुपये ठेवले होते. २०२३-२४ मध्ये ते ५,४३१ कोटी झाले, २०२४-२५ मध्ये ६,९६८ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी. चार अर्थसंकल्पांत तरतूद दुपटीहून जास्त झाली.

आता दुसरी बाजू. लाभार्थी आहेत कुटुंबीयांसह साठ लाखांच्या आसपास. ८,३१७ कोटींना साठ लाखांनी भागले तर माणशी वर्षाला साधारण १४ हजार रुपये येतात. म्हणजे महिन्याला बाराशेच्या आत. यात बीपीची गोळीही आली, डायलिसिसही आले, बायपासही आली आणि कॅन्सरचे उपचारही आले. शिवाय लाभार्थ्यांत वयस्कर माणसांचा भरणा मोठा आहे. जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो आणि पुढे तीस-चाळीस वर्षे या योजनेत राहतो. दरवर्षी नवे निवृत्त सैनिक येतात, जुने अधिक म्हातारे होतात. खर्च दरवर्षी वाढणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

म्हणजे पैसा वाढला हे खरे, आणि तो पुरत नाही हेही खरे. पण मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो पैसा कधी येतो आणि आधी कुठे जातो याचा.

पैसा अडतो कुठे?

पहिली जागा, आर्थिक वर्षाचा शेवट. सरकारी तरतूद एप्रिल ते मार्च अशी वर्षाची असते. आजार मात्र मार्चअखेर पाहून येत नाहीत. तरतूद खर्चापेक्षा कमी पडली की वर्षाच्या शेवटी बिले थांबतात. ती पुढच्या वर्षावर ढकलली जातात. मग पुढच्या वर्षाच्या पैशातला मोठा वाटा मागची देणी फेडण्यात जातो आणि ते वर्षही तोकडे पडते. महिन्याच्या पगारातून आधी किराणा दुकानदाराची मागची उधारी चुकवणाऱ्या घरासारखीच ही अवस्था आहे. पगार वाढला तरी उधारी काही सुटत नाही.

दुसरी जागा, बिलांची तपासणी. रुग्णालय बिल ऑनलाइन पाठवते. एक सरकारी कंपनी ते तपासते, मग योजनेचे प्रादेशिक कार्यालय मंजुरी देते. रक्कम मोठी असेल तर प्रकरण दिल्लीपर्यंत जाते. तपासणी हवीच. काही रुग्णालये गरज नसताना भरती करतात, न वापरलेल्या वस्तूंचे पैसे लावतात, हे मी डॉक्टर असूनच सांगतो. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात या योजनेची तपासणी केली होती. रुग्णालयांना जास्तीची रक्कम दिली जाणे आणि पॉलिक्लिनिकमधला औषधांचा तुटवडा, या दोन्ही गोष्टी त्यात नोंदवलेल्या आहेत. पण लबाड रुग्णालय पकडण्याची चाळणी अशी असू नये की तिच्यात प्रामाणिक रुग्णालयाचे बिलही महिनोन्‌महिने अडकून पडेल. तसे झाले की प्रामाणिक रुग्णालये यादीतून बाहेर पडतात. उरतात ती उशीर पचवण्याइतकी मोठी, नाहीतर उशिराची भरपाई बिलातच करून घेणारी.

तिसरी जागा, दर. खासगी रुग्णालयांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे दर मिळतात. बहुतेक शस्त्रक्रियांचे आणि तपासण्यांचे २०१४ चे दर २०२५ पर्यंत चालू होते. अकरा वर्षांत डाळ-तांदळाचे भाव कुठे गेले ते तुम्हीच आठवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवे दर आले आणि डिसेंबरपासून ते ईसीएचएसलाही लागू झाले. हा चांगला बदल आहे. मात्र त्यात शहरांचे तीन गट आहेत आणि तिसऱ्या गटातल्या शहरांचे दर मोठ्या शहरांपेक्षा २० टक्के कमी आहेत. पुणे-मुंबई पहिल्या गटात, साताऱ्यासारखी शहरे तिसऱ्या. लहान गावात जागेचे भाडे कमी असते हे मान्य. पण हृदयात बसवायचा स्टेंट आणि गुडघ्याचा सांधा साताऱ्यात काही स्वस्त मिळत नाही, आणि तज्ज्ञ डॉक्टर तिथे यायला जास्तच पैसे मागतो. सैन्यात मुले पाठवण्याची परंपरा तर अशाच जिल्ह्यांची. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' हेच नाव पडले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसे कामी आली. जिथे सैनिक जास्त, तिथे रुग्णालयाला दर कमी, हे गणित पुन्हा तपासायला हवे.

आणि चौथी जागा, पॉलिक्लिनिक. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. इथले डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स सगळे कंत्राटी. कंत्राट थोड्या मुदतीचे, पुन्हा पुन्हा वाढवायचे. चांगला डॉक्टर अशा ठिकाणी किती दिवस टिकेल? आणि औषधे? ती सैन्यदलांच्या वैद्यकीय भांडारांमार्फत येतात आणि कमी पडली तर स्थानिक खरेदी करावी लागते. खरेदीच्या कागदांत एक सही राहिली की गोळ्यांचा एक महिना गेलाच म्हणून समजा.

एका गोळीचा खंड म्हणजे काय?

आता मी माझ्या विषयाकडे येतो. बीपीची गोळी दुखणे थांबवण्यासाठी नसते. ती न घेतल्याने त्या दिवशी काहीच होत नाही, म्हणूनच ती चुकवणे सोपे जाते. पण गोळीचा असर उतरला की रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढू लागतो. काही गोळ्या तर अशा आहेत की अचानक बंद केल्या तर दाब किंवा हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षाही जास्त उसळतात. मेंदूतली नाजूक रक्तवाहिनी फुटली किंवा गुठळीने बंद पडली की लकवा. मधुमेहातही तसेच. इन्सुलिन दोन आठवडे मिळाले नाही तर पायाची छोटी जखम चिघळते आणि कधी कधी बोट किंवा पाऊल काढण्यापर्यंत वेळ येते.

आता हिशेब करा. बीपीच्या साध्या जेनेरिक गोळीचा खर्च दिवसाला काही रुपये. लकवा झाल्यावर आयसीयूतल्या एका दिवसाचा खर्च हजारांत. पुढचे फिजिओथेरपीचे महिने, घरातल्या एका माणसाचे बुडालेले काम आणि त्या माणसाचा गेलेला स्वाभिमान यांचा तर हिशेबच नाही. मोठ्या रुग्णालयाचे बिल सरकारला दिसते, कारण ते लाखाचे असते. पॉलिक्लिनिकमधली न मिळालेली गोळी कुणाला दिसत नाही, कारण तिचे बिलच होत नाही. त्यामुळे दरवर्षी लाखांच्या बिलांची चर्चा होते आणि ती बिले तयार होतात त्या जागेकडे कुणी पाहत नाही.

अमेरिकेने केलेल्या चुकांतून शिकता येईल का?

यावर काही जण सोपा उपाय सुचवतात. पॉलिक्लिनिके बंद करा, प्रत्येकाला विमा द्या आणि हव्या त्या खासगी रुग्णालयात जाऊ द्या. हा प्रयोग काही अंशी अमेरिकेत झाला आहे, म्हणून तिकडे एक नजर टाकू.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची सुमारे १७० मोठी रुग्णालये आहेत. २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातल्या रुग्णालयाचे प्रकरण बाहेर आले. सैनिकांना महिनोन्‌महिने तपासणीची वेळ मिळत नव्हती आणि खरी प्रतीक्षा यादी लपवून कागदोपत्री सगळे छान दाखवले जात होते. देशभर संताप झाला. त्या खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. ते स्वतः माजी सेनाधिकारी होते. त्याच वर्षी कायदा झाला की तीस दिवसांत वेळ मिळत नसेल किंवा घर चाळीस मैलांपेक्षा लांब असेल, तर सैनिकाने खासगी डॉक्टरकडे जावे, पैसे सरकार देईल.

पुढे काय झाले? खासगी डॉक्टरांची बिले वेळेवर मिळेनात. अनेक डॉक्टर सैनिकांना पाहायला नाखूश झाले. म्हणजे दार बदलले, रांग तीच राहिली. २०१८ मध्ये नवा कायदा करून ती व्यवस्था पुन्हा बांधावी लागली. आज तिथे वेगळाच वाद आहे. खासगी उपचारांवरचा खर्च इतका वाढला आहे की सरकारी रुग्णालयांसाठी पैसे आणि माणसे कमी पडतील, अशी भीती व्यक्त होते. नुसते खासगीकडे पाठवून प्रश्न सुटत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा चांगला आहे. तिथे २००९ मध्ये एक कायदा झाला. माजी सैनिकांच्या उपचारांचा पैसा एक वर्ष आधीच मंजूर करून ठेवायचा. त्यामुळे संसदेत अर्थसंकल्पावरून भांडणे झाली, सरकारी कामकाज ठप्प झाले, तरी सैनिकाची औषधे थांबत नाहीत. ही कल्पना आपल्याला उचलता येण्यासारखी आहे.

मग काय करायला हवे?

माझी सूचना पाच गोष्टींची आहे.

एक, तरतूद गरजेवरून ठरवावी. किती लाभार्थी, त्यांची वये काय, मधुमेह-बीपी-किडनीचे रुग्ण किती, ही माहिती कार्डामुळे सरकारकडे आहेच. मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालण्याऐवजी या माहितीवरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधावा. आणि निदान औषधांचा पैसा एक वर्ष आधी मंजूर असावा.

दोन, औषधे सर्वांत आधी. बीपी, मधुमेह, हृदयविकार, दमा, फिट्स, थायरॉईड यांच्या नेहमीच्या औषधांची एक छोटी यादी करावी आणि ती कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये एक दिवसही संपता कामा नये. संपली तर जवळच्या ठरलेल्या मेडिकल दुकानातून, कार्ड दाखवून, त्याच दिवशी मिळावी. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. बेचाळीस किलोमीटरचा प्रवास वर्षातून बारा वेळा करण्यापेक्षा चार वेळा पुरे.

तीन, बिलांना मुदत. वाद नसलेल्या बिलाचे पैसे ठरलेल्या दिवसांत मिळावेत आणि उशीर झाला तर व्याज द्यावे. ज्या बिलावर शंका आहे तेवढेच अडवावे, सगळी नव्हे. आणि खोटे बिल सिद्ध झाले तर त्या रुग्णालयाला खरोखर यादीतून काढावे.

चार, पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरला स्थैर्य. किमान तीन ते पाच वर्षांचे कंत्राट आणि बाजाराच्या जवळ जाणारा पगार द्यावा. रुग्णाला ओळखणारा एकच डॉक्टर असणे हेही एक औषधच आहे.

पाच, आकडे उघड करावेत. प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये या महिन्यात कोणती औषधे किती दिवस नव्हती, डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या, किती बिले थकलेली, हे दारावरच्या फळ्यावर लिहावे. फिनिक्समध्ये रोग वाढला तो आकडे लपवल्यामुळे.

"सैनिकांनाच का? आम्ही कुठे जायचे?"

हा प्रश्न मला एका शेतकरी रुग्णाने विचारला आणि तो रास्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातही गोळ्या संपतात आणि तिथल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या म्हातारीच्या लकव्याचे दुःख काही कमी नसते.

माझे उत्तर असे. सैनिकाशी सरकारने करार केला आहे. त्याने उमेदीची वर्षे दिली, बर्फात गुडघे घालवले, तोफांच्या आवाजात कान घालवले आणि वर निवृत्तीच्या पैशातून वर्गणीही भरली. घेतलेल्या वर्गणीची सेवा न देणे हा साधा करारभंग आहे. दुसरे असे की, वर्गणी घेऊन रोजच्या गोळीपासून बायपासपर्यंत सगळे देणारी ही योजना नीट चालली, तर ती बाकीच्या जनतेसाठी नमुना ठरेल. जिथे नावनोंदणी आहे, कार्ड आहे, तरतूद आहे, तिथेच आपल्याला गोळी वेळेवर पोचवता आली नाही, तर बाकीच्यांना ती कोण पोचवणार?

तुम्ही काय करू शकता?

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरात माजी सैनिक किंवा वीरपत्नी असेल तर एवढे करा.

गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पॉलिक्लिनिकमध्ये जा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

औषध नसेल तर ते उपलब्ध नसल्याचे लेखी मागा. बाजारातून घेतलेल्या औषधाचा परतावा मिळण्याची सोय आहे, तिचे सध्याचे नियम तिथेच विचारून घ्या. परतावा मिळो न मिळो, गोळी मात्र त्याच दिवशी विकत घ्या. एक दिवसाआड घेऊन पुरवू नका. पैशांची अडचण असेल तर तुमच्या डॉक्टरला मोकळेपणाने सांगा, त्याच गुणाची स्वस्त जेनेरिक गोळी बहुतेक वेळा असते.

तातडीच्या वेळी रेफरलची वाट पाहू नका. यादीतल्या जवळच्या रुग्णालयात कार्ड घेऊन थेट जा. यादीबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि सगळी बिले, रिपोर्ट जपून ठेवा. तिथला परतावा सरकारी दरानेच मिळतो, हे लक्षात असू द्या.

लकव्याची लक्षणे घरातल्या सगळ्यांना शिकवा. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून सीटी स्कॅनची आणि लकव्याच्या उपचारांची सोय असलेली, यादीतली निदान दोन रुग्णालये आजच शोधून त्यांचे फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान भारत कार्ड निघाले आहे. ईसीएचएस असलेल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावे लागते. आयुष्मानमध्ये पाच लाखांपर्यंतचा भरतीचा खर्च मिळतो, पण महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मिळत नाहीत. कुणाच्या सांगण्यावरून घाईने कार्ड बदलू नका.

आणि तक्रार करा, लेखी करा. पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याला, प्रादेशिक केंद्राला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. माजी सैनिकांना तक्रार करणे कमीपणाचे वाटते, हे मी पाहिले आहे. पण तुमच्या एका अर्जामुळे मागच्या दहा जणांची गोळी येऊ शकते.

परवा मेजर तपासणीला आले होते. बीपी आता आटोक्यात आहे. निघताना त्यांनी डाव्या हाताने खिशातून ते कार्ड काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेले, आणि अडखळत म्हणाले, "डॉक्टर, हे चालू आहे ना अजून?"

मी म्हणालो, "चालू आहे मेजर." खोटे नव्हते. पण पुढच्या महिन्याची गोळी मिळेल का, हे त्यांनी विचारले नाही, आणि मलाही सांगता आले नसते. ज्या दिवशी कोणताही डॉक्टर या प्रश्नाला डोळे मिटून 'हो' म्हणू शकेल, त्या दिवशी सुधारणा झाली असे मी समजेन.

काळजी घ्या, गोळी चुकवू नका.